कॅमेऱ्यासमोर दिलेली परीक्षा आणि हॅकिंगचे प्रमाणपत्र

एथिकल हॅकिंगचे, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याची यंत्रणा फोडून तिच्यातले दोष दाखवण्याचे, प्रमाणपत्र घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याला बहुधा हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. मी पेनेट्रेशन टेस्टिंगच्या, म्हणजे अशा परवानगीने केलेल्या हल्ल्यातून सुरक्षा तपासण्याच्या क्षेत्रात काम करतो, इतरांचे अहवाल तपासतो आणि नव्या माणसांच्या मुलाखती घेतो. त्यामुळे या प्रमाणपत्रांशी माझा रोजचाच संबंध येतो. माझे मत असे की प्रमाणपत्राची पत परीक्षेवर किती कडक पहारा होता यावरून ठरत नाही, तर परीक्षेत उमेदवाराकडून नेमके काय करून घेतले यावरून ठरते. परीक्षा घरबसल्या देता येऊ लागल्यापासून मात्र सगळी चर्चा पहाऱ्याभोवतीच फिरते आहे.

या बाजारात दोन नावे सर्वाधिक ऐकू येतात. पहिले सीईएच, म्हणजे ईसी-कौन्सिल या संस्थेचे सर्टिफाइड एथिकल हॅकर. २००३ साली सुरू झालेल्या या प्रमाणपत्राच्या मूळ परीक्षेत चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा प्रश्नसंचाच्या काठिण्यानुसार ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान बदलते. एनमॅप या नेटवर्क तपासण्याच्या साधनात सिन स्कॅन या तपासणीच्या प्रकारासाठी कोणता पर्याय वापरतात, अमुक हल्ला कोणत्या प्रकारात मोडतो, अशा धाटणीचे प्रश्न असतात. शब्दसंग्रह आणि संकल्पना तपासण्यासाठी ही पद्धत वाईट नाही. सुरक्षा विभागाचे व्यवस्थापन करणाऱ्या किंवा लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी) तपासणाऱ्या माणसाला हा शब्दसंग्रह उपयोगीच पडतो. परंतु प्रमाणपत्राच्या नावात ‘हॅकर’ आहे आणि चार पर्यायांतून एक निवडणे म्हणजे हॅकिंग नव्हे, ही विसंगती संस्थेलाही जाणवली असावी. कारण पुढे तिने सहा तासांची, २० आव्हानांची वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा सुरू केली.

सीईएचचा प्रसार होण्यामागे एक प्रशासकीय कारणही आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ८५७० क्रमांकाच्या निर्देशात, कोणत्या पदासाठी कोणते प्रमाणपत्र चालेल याची यादी होती आणि २०१० साली त्या यादीत सीईएचचा समावेश झाला. सरकारी कंत्राटदारांनी ही अट जशीच्या तशी आपल्या जाहिरातींत उचलली, त्यांचे पाहून इतरांनी उचलली, आणि बघता बघता मनुष्यबळ विभागाच्या चाळणीत हे नाव कायमचे बसले. आजही अनेक ठिकाणी बायोडेटा तांत्रिक माणसाच्या हाती पडण्यापूर्वी अशा चाळणीतून जातो. त्या अर्थाने प्रमाणपत्राला किंमत आहेच. फक्त ती दारातून आत सोडणाऱ्या चिठ्ठीची किंमत आहे, कौशल्याच्या दाखल्याची नव्हे.

ईसी-कौन्सिलवर टीका करताना लोक हमखास दोन घटना काढतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये संस्थेच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बदलून तिथे अमेरिकी सरकारची गुपिते उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्या पासपोर्टची प्रत लावण्यात आली होती, आणि मार्च २०१६ मध्ये त्याच संकेतस्थळावरून काही वाचकांना अँग्लर या एक्सप्लॉइट किटकडे (भेट देणाऱ्याच्या संगणकातील त्रुटी शोधून त्यात घातक सॉफ्टवेअर घुसवणाऱ्या साधनाकडे) वळवले जात असल्याचे फॉक्स-आयटी या कंपनीने उघड केले होते. हॅकिंग शिकवणाऱ्यांनाच कोणी हॅक केले, म्हणून हे किस्से चघळायला गंमत वाटते. पण मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. संकेतस्थळ कोणाचेही फोडले जाऊ शकते, आणि तसे ते कोणाचेही फोडले जाऊ शकते असे सांगूनच तर आमचा धंदा चालतो. २०२१ मध्ये संस्थेच्या ब्लॉगवरील लेखांत इतरांचा मजकूर उचलल्याचे आरोप झाले आणि ब्लॉग बंद करण्याची वेळ आली, ती घटना मला अधिक गंभीर वाटते. कारण जी संस्था दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला देते, तिच्या स्वतःच्या प्रामाणिकपणाशी या घटनेचा थेट संबंध आहे.

दुसरे नाव ओएससीपी, म्हणजे ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी सर्टिफाइड प्रोफेशनल. ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी, आताचे नाव ऑफसेक, या संस्थेची ही परीक्षा २३ तास ४५ मिनिटे चालते आणि त्यानंतर अहवाल लिहून पाठवायला आणखी २४ तास मिळतात. परीक्षेसाठी उभ्या केलेल्या यंत्रांत शिरून त्यांवर ताबा मिळवायचा असतो आणि शंभरपैकी ७० गुण लागतात. एकूण गुणांतले ४० अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कंपन्यांतील विंडोज खाती आणि संगणक सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) संचाला आणि उरलेले ६० तीन स्वतंत्र यंत्रांना प्रत्येकी २० असे वाटलेले असतात. मेटास्प्लॉइट या तयार हल्ल्यांच्या साधनाचा वापर एकाच यंत्रावर करण्याची मुभा असते. बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल असा एक नियम मला फार आवडतो. यंत्रावर ताबा मिळवल्यावर तिथली प्रूफ फाइल (ताबा मिळाल्याचा पुरावा म्हणून ठेवलेली फाइल) वाचायची असते आणि तिचा मजकूर त्या यंत्राच्या आयपी पत्त्यासह एकाच स्क्रीनशॉटमध्ये, तोही परस्परसंवादी शेलमधून, म्हणजे यंत्राला थेट आज्ञा देता येणाऱ्या खिडकीतून, दाखवावा लागतो. वेब शेलमधून, म्हणजे संकेतस्थळावर घुसवलेल्या पानामार्फत, वाचलेल्या फाइलचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही. रात्रभर जागून यंत्र जिंकले आणि स्क्रीनशॉट घ्यायला विसरलात, तर त्या यंत्राचे गुण गेले. प्रत्यक्ष कामातही असेच असते: पुरावा नीट नोंदवला नाही तर ग्राहकाच्या दृष्टीने ती त्रुटी सापडलेलीच नसते.

आता ज्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ती सांगतो. ओएससीपीवर कॅमेऱ्याचा पहारा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. त्याआधी अनेक वर्षे ही परीक्षा घरबसल्याच होत होती आणि कोणीही पाहत नव्हते. या परीक्षेचे आज जे नाव आहे ते त्या काळात झाले. पहारा नसताना एखाद्या परीक्षेचा दबदबा निर्माण होतो तो तिच्यात जे करावे लागते त्यामुळे, आणि ती उत्तीर्ण झालेली माणसे कामावर रुजू झाल्यावर कशी निघाली त्यामुळे. उलट पहारा आल्यानंतर, २०१९ च्या सुरुवातीला, परीक्षेतील यंत्रांची उत्तरे इंटरनेटवर जाहीरपणे टाकली गेली. कॅमेरा उमेदवाराकडे वळलेला होता. फुटलेल्या उत्तरांशी त्याला काही करता येण्यासारखे नव्हतेच.

‘केंद्रावर परीक्षा घ्या, म्हणजे प्रश्न मिटेल’ असे म्हणणाऱ्यांनी सुरक्षा चाचणीची प्रमाणपत्रे देणाऱ्या क्रेस्ट या संस्थेचे प्रकरण पाहावे. तिच्या परीक्षा केंद्रावर, समक्ष देखरेखीखाली होत असत. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये एका मोठ्या सुरक्षा कंपनीची अंतर्गत म्हणवली जाणारी टिपणे गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर झळकली आणि त्यांत परीक्षेतील प्रश्नांशी जुळणारा मजकूर असल्याचे दिसल्याने चौकशी लावावी लागली. पेपर फुटतो तो परीक्षा घरी झाली म्हणून नव्हे, तर तेच प्रश्न आणि तीच यंत्रे महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा वापरली जातात म्हणून. उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेला प्रत्येक उमेदवार डोक्यात पेपर घेऊनच बाहेर पडत असतो, आणि त्याच्या डोक्यावर पहारा बसवता येत नाही. बहुपर्यायी परीक्षांचे ‘डम्प’, म्हणजे फुटलेले प्रश्नोत्तरांचे संच, विकणारी दुकाने याच एका गोष्टीवर चालतात.

दूरस्थ पहाऱ्याची पद्धत ज्यांनी अनुभवलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचे. प्लास्टिकवर प्रकाश चमकला की ते तिरपे करायचे, पुन्हा सरळ करायचे, पलीकडचा माणूस ‘दिसले’ म्हणेपर्यंत हा खेळ चालतो. मग लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवायची: चारही भिंती, टेबलाचा वरचा भाग, टेबलाखालची जागा. काही ठिकाणी बाह्या वर करून मनगटे आणि केस मागे सारून कानही दाखवावे लागतात. त्यानंतर पर्यवेक्षण करणारे सॉफ्टवेअर चालू प्रक्रियांची यादी तपासते आणि बऱ्याचदा आभासी यंत्र (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) दिसले की हरकत घेते. ज्यांचे सगळे काम आभासी यंत्रांतच चालते, त्यांच्या परीक्षेत हा आक्षेप यावा, यातला विनोद मी वाचकांवर सोपवतो.

विनोद बाजूला ठेवला तरी तांत्रिक प्रश्न उरतोच. ब्राउझरमध्ये केलेली तपासणी ही तपासणी नव्हे, कारण ब्राउझर हल्लेखोराच्या ताब्यात असतो, हा वेब सुरक्षेच्या पहिल्या दिवशी शिकवला जाणारा धडा आहे. वापरकर्त्याच्या यंत्रावरून आलेल्या कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे आपण ग्राहकांना प्रत्येक अहवालात बजावतो. आणि मग त्याच विषयाची परीक्षा घेताना उमेदवाराच्याच यंत्रावर, त्याच्याच अधिकाराखाली चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून म्हणतो की गैरप्रकार झाला नाही. पडद्यावरचे चित्र यंत्राबाहेर दुसरीकडे नेले जात असेल, तर आतल्या सॉफ्टवेअरला ते कळण्याचा मार्ग नाही. कायद्याच्या परीक्षांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा सॉफ्टवेअरचे विश्लेषण करणारा एक शोधनिबंध २०२२ मध्ये युझनिक्स सिक्युरिटी या संगणक सुरक्षेच्या परिषदेत आला होता. त्यातला निष्कर्षही असाच होता की कॉपी रोखणारे उपाय सहज चुकवता येण्यासारखे आहेत. वकिलीच्या विद्यार्थ्यांबाबत ही स्थिती असेल, तर अडथळे चुकवणे हाच ज्यांचा अभ्यासक्रम आहे त्यांच्याबाबत काय अपेक्षा ठेवणार?

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अगदी साधा होता. संगणकशास्त्राच्या ३० विद्यार्थ्यांना प्रॉक्टोरिओ हे पर्यवेक्षणाचे सॉफ्टवेअर वापरून परीक्षा द्यायला लावली आणि त्यांतल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितले. सॉफ्टवेअरने त्या सहांपैकी एकाकडेही बोट दाखवले नाही. नंतर माणसांनी चित्रीकरण तपासले तेव्हा सहांपैकी एक सापडला. प्रयोग लहान आहे आणि त्यावरून सगळ्या जगाचे अनुमान काढू नये, हे मान्य. तरी ‘एआय आधारित पर्यवेक्षण’ असे जाहिरातीत वाचताना मला तो आठवतो.

म्हणजे पहारा अगदीच निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. एक काम तो बऱ्यापैकी करतो: परीक्षेला बसलेला माणूस तोच आहे ना, हे पाहणे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणारा डमी उमेदवार ही या क्षेत्रातली खरी, चालू असलेली अडचण आहे, आणि ओळखपत्र व चेहरा यांची जुळणी केल्याने तिला आळा बसतो. प्रश्न एवढाच की त्या एका कामासाठी उमेदवाराकडून काय काय मागून घेतले जाते. २०२० मध्ये प्रॉक्टरयू या ऑनलाइन पर्यवेक्षण करणाऱ्या कंपनीकडील सुमारे ४ लाख ४४ हजार वापरकर्त्यांच्या नोंदी फुटून बाहेर आल्या होत्या. २०२२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या संघीय न्यायालयाने, क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यातून पाहणे हे तिथल्या राज्यघटनेच्या, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या दुरुस्तीचे उल्लंघन ठरवले. तो निकाल सरकारी विद्यापीठापुरता होता, खासगी प्रमाणपत्रांना तो लागू होत नाही. पण खोली दाखवणे ही दिसते तितकी किरकोळ मागणी नाही, एवढे त्यातून नक्की कळते. माझा व्यावहारिक सल्ला असा की ग्राहकांची माहिती असलेल्या यंत्रावर परीक्षेचे सॉफ्टवेअर कधीही बसवू नका. जुना, पूर्ण पुसून घेतलेला लॅपटॉप त्यासाठी वेगळा ठेवावा.

एआयने या प्रश्नाला नवी धार आणली आहे. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर आता काही सेकंदांत मिळते, त्यामुळे ज्या परीक्षेची सगळी भिस्त अशा प्रश्नांवर आहे, तिला पहारा वाढवत नेण्यावाचून गत्यंतर नाही. ऑफसेकने परीक्षेत चॅटबॉटच्या वापरावर बंदी घातली आहे. ती पाळली जाते की नाही हे पुन्हा कॅमेराच पाहणार, म्हणजे आपण फिरून तिथेच येतो. जीआयएसी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने बऱ्याच आधीपासून दुसरी वाट धरली: परीक्षेत छापील पुस्तके आणि स्वतःची टिपणे नेण्याची परवानगी दिली. ज्या गोष्टी पाहून लिहायची मुभा आहे त्या चोरून पाहण्याचे कारणच उरत नाही. हॅक द बॉक्सच्या सीपीटीएस परीक्षेला दहा दिवस मिळतात, कॅमेरा नसतो, आणि शेवटी व्यावसायिक दर्जाचा अहवाल द्यावा लागतो. टीसीएम सिक्युरिटीच्या पीएनपीटी परीक्षेत पाच दिवस चाचणी, दोन दिवस अहवाल आणि त्यानंतर परीक्षकासमोर सुमारे १५ मिनिटांची तोंडी मांडणी असते. ही तोंडी मांडणी मला सगळ्या पहाऱ्यांपेक्षा मोलाची वाटते. दुसऱ्याने लिहून दिलेला अहवाल सादर करता येतो, पण ‘तुम्ही या खात्यावरून त्या सर्व्हरवर कसे गेलात आणि ती वाट बंद असती तर पुढे काय केले असते’ या प्रश्नाला उसने उत्तर देणे फार कठीण असते. अडचण खर्चाची आहे: हजारो उमेदवारांशी बोलायला हजारो वेळा जाणकार माणूस बसवावा लागतो, आणि यंत्राने तपासलेल्या उत्तरपत्रिकेइतके ते कधीच स्वस्त होणार नाही.

मुलाखतीत मी काय पाहतो, त्याचे एक उदाहरण देतो. एनमॅपचा छोटासा निकाल समोर ठेवतो. त्यात टीसीपीचे २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट (यंत्रावरील सेवांची क्रमांकित दारे) उघडे असतात. पुढे काय कराल, एवढेच विचारतो. बहुतेक जण लगेच वेब सर्व्हरवरच्या डिरेक्टरी शोधायला धावतात, जे चूक नाही. पण एनमॅप मूळ सेटिंगमध्ये टीसीपीचे फक्त सर्वाधिक वापरातले एक हजार पोर्ट पाहते, यूडीपी या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टकडे फिरकतही नाही, हे ज्याच्या लक्षात येते तो आधी ‘हा स्कॅन पूर्ण आहे का?’ असे विचारतो. यूडीपीच्या १६१ क्रमांकावर एसएनएमपी (दुरून यंत्राची स्थिती पाहण्याची सेवा) चालू असेल आणि त्याची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, कारखान्यातून आली तशी ‘पब्लिक’च राहिली असेल, तर चालू प्रक्रियांची यादी त्यांच्या आर्ग्युमेंटसह (त्या सुरू करताना दिलेल्या माहितीसह) वाचता येते आणि एखाद्या स्क्रिप्टला कमांड लाइनवर दिलेला पासवर्डही त्यात सापडू शकतो. हे उत्तर पाठ असण्याची गरज नाही. समोर जे दिसते त्यात काय दिसत नाही, असा विचार करण्याची सवय आहे की नाही, ते मला पाहायचे असते. प्रमाणपत्रे असूनही ती सवय नसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि एकही प्रमाणपत्र नसताना ती अंगी मुरलेली माणसेही पाहिली आहेत. तरी सरसकट बोलायचे तर प्रात्यक्षिक परीक्षा दिलेल्यांत ती अधिक आढळते.

अहवालाचेही तसेच. ‘क्रॉस साइट स्क्रिप्टिंग आढळले, धोका उच्च’ असे लिहून (म्हणजे संकेतस्थळाच्या पानात परकी स्क्रिप्ट घुसवता येते) खाली अलर्टची चौकट दाखवणारा स्क्रीनशॉट डकवलेले अहवाल ढिगाने येतात. कोणत्या रकान्यातून स्क्रिप्ट साठवली गेली, ती प्रशासकाच्या पडद्यावर चालते का, सेशन कुकीला (लॉगिन टिकवणाऱ्या खुणेला) स्क्रिप्टपासून लपवणारे एचटीटीपीओन्ली लावलेले नसल्याने ती पळवता येते का, हे लिहिणारा माणूस ग्राहकाला दुरुस्तीचा रस्ता दाखवतो. चार पर्यायांच्या परीक्षेत हे तपासण्याची सोयच नसते.

‘एथिकल’ या भागाची परीक्षा तर जवळपास कोणीच घेत नाही. आचारसंहितेवर सही घेतली की झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात कोलफायर या सुरक्षा कंपनीच्या दोन पेनेट्रेशन टेस्टरना, राज्याच्या न्यायव्यवस्थेनेच कंत्राट दिलेले असताना, रात्री न्यायालयाच्या इमारतीत शिरल्याबद्दल अटक झाली. इमारत काउंटीची होती, परवानगी राज्याकडची होती, आणि कोणत्या कामाला नेमकी कोणाची संमती लागते यावर वाद पेटला. आरोप मागे घेतले जाईपर्यंत जानेवारी २०२० उजाडला. अशा वेळी भिंतीवरचे प्रमाणपत्र कामाला येत नाही. लेखी अधिकारपत्र, कामाची व्याप्ती आणि सही करणाऱ्याला सही करण्याचा अधिकार होता का, हेच विचारले जाते. या विषयावर प्रात्यक्षिक प्रश्न का असू नये, हे मला आजवर समजलेले नाही. एक सदोष अधिकारपत्र उमेदवाराच्या हाती द्यावे आणि त्यातली भोके शोधायला सांगावीत.

व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२४ या मानकाचा उल्लेख जाहिरातींत मोठ्या अभिमानाने होतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. परीक्षा निःपक्षपाती पद्धतीने, सातत्याने आणि ठरलेल्या नियमांनी घेतली जाते, याची ती ग्वाही असते. परीक्षेत योग्य गोष्ट विचारली जाते की नाही, याचा निवाडा केवळ त्या मान्यतेवरून करता येत नाही. नूतनीकरणाचेही मला फारसे कौतुक नाही. सीईएच टिकवायला तीन वर्षांत १२० क्रेडिट जमवावे लागतात आणि त्यांतले बरेचसे वेबिनारना हजेरी लावून जमतात, शिवाय वार्षिक शुल्क आहेच. ऑफसेकने नोव्हेंबर २०२४ पासून ओएससीपीसोबत तीन वर्षांनी मुदत संपणारे ओएससीपी प्लस द्यायला सुरुवात केली. जुने ओएससीपी मात्र आजीवन आहे. ज्ञान शिळे होते हे खरे, पण शुल्क भरल्याने ते ताजे होत नाही.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना एक छोटी सुधारणा सहज करता येईल. पडताळणीसाठी आज जे डिजिटल बॅज मिळतात, त्यांवर बहुधा नाव, तारीख आणि प्रमाणपत्राचे नाव एवढेच असते. परीक्षा केंद्रावर झाली की घरी, बहुपर्यायी होती की प्रात्यक्षिक, अभ्यासक्रमाची कोणती आवृत्ती होती, हे त्या पानावर छापायला काहीच खर्च नाही. ते जोवर छापले जात नाही, तोवर मी उमेदवारालाच विचारतो, आणि सोबत आणखी एक प्रश्न जोडतो: परीक्षेत सर्वाधिक वेळ कुठे अडकला होता आणि तिथून बाहेर कसे पडलात? परीक्षेचा मजकूर उघड करू नये असे बंधन उमेदवारावर असते, म्हणून यंत्राचे नाव किंवा उत्तर मी विचारत नाही. फक्त अडकण्याचे वर्णन ऐकतो. ज्याने स्वतः परीक्षा दिलेली असते तो बहुधा थोडा चिडून, थोडा हसून बोलू लागतो आणि त्याला थांबवावे लागते.